‘राखीव पिस्तूल जितके लहान तितके चांगले’ या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी शस्त्र लपवून बाळगणाऱ्या लोकांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या गप्पांतही तो आता ऐकू येतो. सल्ला थोडक्यात असा: मुख्य पिस्तुलाच्या जोडीला एक राखीव, म्हणजे ‘बॅकअप’ शस्त्र हवे, ते क्वचितच लागत असल्यामुळे मिळेल तितके लहान घ्यावे, लहान शस्त्र हाताळायला सोपे असल्यामुळे नवशिक्यांना, विशेषतः घरातील स्त्रियांना, तेच द्यावे, रिव्हॉल्व्हर घेतल्यास ते कधी अडकत नाही, ते खिशात किंवा पर्समध्ये टाकले की काम झाले, आणि परवाना एकदा हातात आला की दुसरे शस्त्र कोणते घ्यावे याला बंधन नाही. यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धवट आहे, आणि शेवटचे तर काही वाचकांना थेट तुरुंगात पोहोचवू शकेल असे आहे.

राखीव शस्त्र क्वचित लागते हे खरे आहे. पण ज्या प्रसंगी ते लागते तो प्रसंग कसा असतो, याचा विचार या सल्ल्यात नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयचे आठ अधिकारी आणि दोन सशस्त्र दरोडेखोर यांच्यात झालेली चकमक या विषयात आजही अभ्यासली जाते. त्या दिवशी गाड्यांच्या धडकेत एका अधिकाऱ्याचे मुख्य रिव्हॉल्व्हर हाताबाहेर गेले आणि त्याला सुरुवातीपासूनच आपल्या राखीव शस्त्रावर, पाच गोळ्यांच्या स्मिथ अँड वेसन मॉडेल ३६ वर, लढावे लागले. त्यात पुन्हा गोळ्या भरत असतानाच त्याच्या हाताला गोळी लागली. दुसऱ्या एका अधिकाऱ्याचा डावा हात निकामी झाला होता आणि त्याने उरलेली लढाई एका हाताने लढून ती संपवली. दोन अधिकारी मरण पावले, पाच जखमी झाले. म्हणजे राखीव शस्त्र बाहेर येते ते पहिल्यातील गोळ्या शिस्तीत संपल्यावरच असे नाही; पहिले शस्त्र हरवलेले असते, हिसकावलेले असते, किंवा ते धरणारा हातच जायबंदी झालेला असतो. अशा वेळी माणसाला त्याच्याकडील सर्वांत सोपे शस्त्र हवे असते, आणि हा सल्ला त्याच्या हातात सर्वांत अवघड शस्त्र देतो.

ते अवघड का, हे ‘लहान म्हणजे सोपे’ या दुसऱ्या मुद्द्याच्या उत्तरात येते, आणि सगळ्या गैरसमजाचे मूळही तिथेच आहे. काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण दुप्पट होते. हा कुणाच्या मताचा भाग नसून साधे भौतिकशास्त्र आहे. रुगर एलसीपी हे २००८ साली आलेले, .३८० एसीपी या लहान काडतुसाचे पिस्तूल रिकामे असताना जेमतेम २७० ग्रॅम भरते. त्याच्या मुठीवर करंगळीला जागा उरत नाही, नेम धरण्याच्या दोन खुणांमधले अंतर इतके कमी असते की मनगटाची किंचित हालचालही निशाण्यावर मोठी चूक होऊन उमटते, आणि गोळी झाडल्यावर ते हातात फिरते. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे स्मिथ अँड वेसन ६४२ हे रिव्हॉल्व्हर सुमारे ४०० ग्रॅमचे आहे, तर त्याचा चाप (ट्रिगर) ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. शस्त्राच्या स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून अधिक जोर एका बोटाने द्यायचा आणि तोवर नळी हलू द्यायची नाही, हे सरावलेल्या माणसालाही सहज जमत नाही. हातात कमी ताकद असलेल्यांसाठी याच कंपनीने २०१८ साली ‘शील्ड ईझेड’ नावाचे .३८० चे पिस्तूल काढले, आणि त्या पिस्तुलाचा आकार पाहण्यासारखा आहे: ते एलसीपीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे आणि बरेच लांब आहे. सोपे पिस्तूल बनवायचे ठरवल्यावर निर्मात्याने ते मोठे केले, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. स्त्रियांना लहान शस्त्र ‘शोभते’ हा विचार तर दुकानाच्या काउंटरवर जन्मलेला आहे. नेमबाजीच्या मैदानावर त्याला आधार सापडत नाही.

गोळीच्या परिणामाबद्दल थोडक्यात. मायामीनंतर एफबीआयने गोळ्यांच्या चाचण्या नव्याने आखल्या आणि शरीराच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर, खोली हा मापदंड रूढ झाला. आखूड नळीतून सुटलेली .३८० ची पोकळ टोकाची, म्हणजे आत शिरल्यावर फुलण्यासाठी बनवलेली, गोळी फुलली तर बहुधा या खोलीच्या अलीकडे थांबते आणि फुलली नाही तर खोल जाते. फुलणे आणि पुरेशी खोली या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारे काडतूस शोधावे लागते. त्याहूनही लहान अशा .२२ आणि .२५ च्या पिस्तुलांबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नाही.

रिव्हॉल्व्हर अडकत नाही, या विधानात मात्र काही तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. घोडा (हॅमर) आत झाकलेले लहान रिव्हॉल्व्हर ढिल्या मनगटाने झाडले तरी चालते, अंगाला भिडवून झाडले तरी चालते, आणि गोळी नाही पेटली तर पुन्हा चाप ओढणे एवढाच उपाय असतो. लहान अर्धस्वयंचलित पिस्तुले नेमकी याच परिस्थितीत रुसतात. परंतु ‘कधीच नाही’ हे चूक. फार हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्यामुळे न झाडलेल्या काडतुसांतील शिसे पुढे सरकते आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता दंडगोल, फिरायचा थांबतो. म्हणूनच अतिहलक्या मॉडेलांत कोणती काडतुसे वापरावीत, याची सूचना निर्माते देतात. पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या चांदणीखाली न जळालेल्या दारूचे कण अडकले तरी सिलिंडर बंद होत नाही. पिस्तूल अडकले तर बहुधा दोन-तीन सेकंदांत हाताने मोकळे होते. रिव्हॉल्व्हर अडकले तर बहुधा अवजारे लागतात. शिवाय पाचच गोळ्या आणि त्या सावकाश भरणे, हे दोष आहेतच.

खिशात किंवा पर्समध्ये टाकण्याच्या सल्ल्याला दोन घटना उत्तर देतात. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस न्यूयॉर्कमधील एका क्लबमध्ये पँटच्या पट्ट्यात होल्स्टरशिवाय, म्हणजे शस्त्राच्या म्यानाशिवाय, ग्लॉक पिस्तूल खोचून गेला. पिस्तूल घसरले, ते सावरताना चाप दाबला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. त्याचा फ्लोरिडातील परवाना मुदतबाह्य झाला होता, आणि मुदतीत असता तरी न्यूयॉर्कमध्ये त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. दुसरी घटना ३० डिसेंबर २०१४ ची, आयडाहो राज्यातील हेडन गावच्या वॉलमार्टमधली: पर्समधील शस्त्रासाठीच बनवलेल्या कप्प्यातून दोन वर्षांच्या मुलाने पिस्तूल काढले आणि त्यातून सुटलेल्या गोळीने त्याच्या आईचा मृत्यू झाला. लहान शस्त्रालाही चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर लागते, त्या खिशात नाणी, किल्ल्या काहीही ठेवता येत नाही, आणि अंगापासून वेगळी होणारी पर्स ही शस्त्राची जागा नव्हे, निदान लहान मुलांच्या घरात तरी नव्हे.

मग घ्यावे काय? ज्याला खरोखर दुसरे शस्त्र हवे आहे त्याने रोजच्या कपड्यांत खरोखर लपेल असे सर्वांत मोठे शस्त्र घ्यावे आणि शक्यतो ते पहिल्याच्याच कुळातले असावे. ग्लॉक १९ वापरणाऱ्याकडे ग्लॉक २६ असेल तर चाप तोच, काडतूस तेच आणि मोठ्या पिस्तुलाचे मॅगझिन (काडतुसांची पेटी) लहान पिस्तुलात बसते. हा लाभ एलसीपीत नाही. २०१८ साली सिग सावरचे पी३६५ आले आणि सुमारे अर्धा किलोच्या ९ मिमी पिस्तुलात मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावू लागल्या, त्यानंतर ‘लपण्यासाठी .३८० च घ्यावे लागते’ हा जुना युक्तिवाद बराच लंगडा झाला. माझे मत विचारले तर सामान्य नागरिकाने दुसऱ्या पिस्तुलाचे पैसे एक जादा मॅगझिन, चांगले होल्स्टर आणि सरावाची काडतुसे यांत घालवावेत. राखीव शस्त्राची प्रथा पोलिसांच्या कामातून आली आहे, आणि संशयिताच्या अंगाशी भिडणे हे आपले रोजचे काम नाही.

आता परवान्याचा मुद्दा. कॅलिफोर्नियात लपवून शस्त्र बाळगण्याच्या परवान्यावर प्रत्येक पिस्तुलाची कंपनी, मॉडेल आणि क्रमांक लिहिलेला असतो. त्यात नसलेले राखीव पिस्तूल जवळ ठेवणे म्हणजे परवान्याबाहेर जाणे. न्यूयॉर्कमध्येही प्रत्येक पिस्तूल परवान्यावर नोंदवावे लागते. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलाच्या खरेदीसाठी स्वतंत्र परवानगी लागते आणि तिथे दुसऱ्या राज्याचा बाळगण्याचा परवाना चालत नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र व्यक्तीला परवान्याचीही गरज उरली नाही, पण डॅलसमधले स्वातंत्र्य न्यू जर्सीतल्या एडिसनला सोबत येत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्याने शस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मुळातच मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. टेक्सासच्या सवलतीने ही मनाई उठत नाही. नागरिक असलेल्या मित्राने भेट म्हणून दिले तरी घेणारा गुन्हेगार ठरतो, आणि व्हिसाची स्थिती ठाऊक असून देणाराही. नेमबाजीच्या मैदानावर तासाभरासाठी भाड्याने घेतलेले पिस्तूलही ‘बाळगणे’ या व्याख्येत येते. २०२२ च्या कायद्यानंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे, आणि व्हिसाचे काय होईल हा प्रश्न त्याशिवाय उरतोच.

ज्यांना शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे, त्यांनी भारतात येण्यापूर्वी सरावाला नेलेली बॅग आणि जॅकेट प्रवासासाठी वापरू नये. .३८० चे काडतूस करंगळीच्या पेराएवढे असते आणि अस्तराच्या कोपऱ्यात सहज राहून जाते. मुंबईच्या विमानतळावर ते क्ष-किरण तपासणीत दिसले, तर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि अमेरिकेतला परवाना तिथे दाखवून काही उपयोग होत नाही.