“ओलं लाकूड जास्त पुरतं” म्हणे! सरपणाच्या त्या मेसेजमधली एकेक टिप

थंडी जवळ आली की सरपणाच्या टिप्सचा तो लांबलचक मेसेज परत फिरायला लागतो. रात्री ओलं लाकूड घाला म्हणजे पुरतं, ओंडके वर्षभर पडू द्या की वाळतात, ताडपत्रीत नीट गुंडाळा, टोकाला भेगा दिसल्या की तयार, पाइन अजिबात जाळू नका, आणि सगळ्यात शेवटी, घाई असेल तर घर गरम करायच्या लाकडाच्या स्टोव्हला टेकवून रचा. ज्याने कुणी लिहिलाय त्याने लाकूड फक्त बाहेरून बघितलंय, आत पाणी किती उरलंय हा प्रश्न त्याला पडलेलाच नाही आणि सगळ्या चुका तिथूनच येतात.

पहिली टिप सगळ्यात जास्त शेअर होते म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो. ओलं लाकूड सावकाश जळतं हे खरंच आहे. पण आपल्याला लाकूड टिकवायचंय का घर गरम करायचंय? नुकतं तोडलेलं बरंचसं लाकूड वजनाने जवळपास अर्धं पाणीच असतं. म्हणजे १ किलोच्या तुकड्यात अर्धा किलो पाणी, ते तापवून वाफ करायला साधारण १.३ मेगाज्यूल उष्णता लागते, आणि उरलेल्या अर्धा किलो लाकडातून मिळणार ९ च्या आसपास. तर सातवा हिस्सा वाफेतच गेला. “अर्धी उष्णता वाफेत जाते” असं उलट्या बाजूचे लोक सांगतात तेही वाढवून सांगितलेलंच आहे, खरं नुकसान वेगळीकडे होतं. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता वायूच्या रूपात बाहेर पडते आणि ते वायू पूर्ण जळायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, आता पाणी उकळत बसलेल्या आगीला ते कुठून झेपणार, मग न जळलेले वायू धूर होऊन वर जातात, आणि धुराड्याचा आतला भाग १२० अंशांच्या खाली असला की तिथेच गार होऊन डांबरासारखे चिकटतात. हेच ते क्रिओसोट. त्याने पेट घेतला तर धुराड्यात १००० अंशांच्या वर तापमान जाऊ शकतं. एवढं सगळं कशासाठी, तर लाकूड रात्रभर पुरावं म्हणून! रात्रीसाठी जाड, टणक आणि वाळलेला तुकडा भरपूर निखाऱ्यांवर ठेवा, तो चांगला पेटला की मगच स्टोव्हमध्ये जाणारी हवा थोडी कमी करा. पूर्ण कोंडू नका, वाळलेलं लाकूडसुद्धा कोंडलं की धूरच करतं.

“ओंडका वर्षभर पडला की वाळतो” यात वर्ष हा आकडाच निरर्थक आहे. झाडात पाणी खालून वर चढतं ते उभ्या नळ्यांमधून, वाळतानाही ते टोकांतून खूप वेगाने आणि बाजूने फार हळू निघतं, वर साल असेल तर अजूनच हळू. त्यामुळे लांब आख्खा ओंडका दोन वर्षांनीही आतून ओला सापडू शकतो. स्टोव्हच्या मापाने कापा आणि फोडा, आणि ते लाकूड आणल्या आणल्याच, जाळायच्या ऐनवेळी नाही. फोडलेलं पाइन किंवा बर्च चांगल्या वाऱ्यावर ६ ते १२ महिन्यांत होतं, ओकला २ वर्षं किंवा जास्तही लागतात.

भेगांचं तर गंमतच आहे. लाकूड आकसायला लागतं ते ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर, आणि टोकं सगळ्यात आधी तिथे पोचतात. म्हणजे भेग एवढंच सांगते की टोक वाळायला लागलंय, मधल्या भागाबद्दल ती काहीच सांगत नाही. साधा दोन पिनांचा मॉइश्चर मीटर (ओलावा मोजायचं यंत्र) घ्या, तुकडा फोडा आणि ताज्या आतल्या बाजूला मधोमध पिना टोचा. बाहेरून टोचलं तर छान आकडा येणारच. (मीटर पाण्याची तुलना कोरड्या लाकडाशी करतो, म्हणून त्यावरचे २५ म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के, यावरून उगाच भांडणं होतात. २० च्या खाली दिसलं की निवांत जाळा.) मीटर नसेल तर थप्पीतले दोन-तीन तुकडे खूण करून दर महिन्याला वजन करत राहा, कोरड्या दिवसांतही वजन उतरायचं थांबलं की तिथल्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

आता ताडपत्री. चारी बाजूंनी गुंडाळलेली थप्पी म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले ओले कपडे. निघालेली वाफ आतच थेंब होऊन परत लाकडावर पडते, वर बुरशी. फक्त माथा झाका, बाजू उघड्या, खाली पॅलेट (लाकडी फळ्यांची चौकट) किंवा दगड, भिंतीपासून वीतभर अंतर, आणि जमलं तर एकच रांग म्हणजे वारा आरपार जातो. यातूनच “एकदा पाऊस लागला की सगळं वाया” ही भीती येते, पण वाळलेल्या लाकडावर पडलेला पाऊस बहुतेक पृष्ठभागावरच राहतो आणि छपराखाली काही दिवसांत सुकतो. महिनोन्‌महिने उघड्यावर भिजलं तर गोष्ट वेगळी. आणि ओली थप्पी तळघरात तर अजिबात नको, एका घनमीटरमधून शंभर लिटरच्या वर पाणी बाहेर पडतं, ते तुमच्याच भिंतींत जाणार.

पाइनचं म्हणाल तर बिचारं उगाच बदनाम आहे. राळ जळते, ती काही धुराड्याला चिकटायला जात नाही, क्रिओसोट होतं ते धुरामुळे आणि धूर होतो ओलाव्यामुळे किंवा हवा कोंडल्यामुळे. वाळलेलं पाइन पटकन पेटतं, पटकन संपतं, बस.

राहिली स्टोव्हला टेकवून रचायची टिप. ओलं लाकूड चार-आठ दिवसांत तिथे वाळत नाही, फक्त वरचा थर गरम होतो आणि आपल्याला वाळल्यासारखं वाटतं. वर आग लागायचा धोका आहेच, स्टोव्हच्या माहितीपुस्तकात ज्वलनशील वस्तूंसाठी अंतर दिलेलं असतं, ते लाकडालाही लागू आहे. बाहेर वाळलेलं लाकूड एक-दोन दिवसांपुरतं घरात आणून त्या अंतराच्या पलीकडे ठेवा, गारठा जातो आणि पेटायला सोपं पडतं.