सुट्या भागांच्या पलीकडचा हिशेब
सुटे भाग चारशेचे आणि स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचा नवा मेमरी बोर्ड दोन हजारांना, म्हणून ही लूट, हे लेखातलं गणित पटलं नाही. फोंड्यात घरी बसून मी असे पंचवीस बोर्ड केले. १९८२ च्या त्या मशीनमधल्या ४११६ या मेमरी चिप्सना तीन वेगळे व्होल्टेज लागतात. त्यातलं उणे पाच व्होल्ट गेलं की चिप्स मेल्याच समजा. म्हणून प्रत्येक बोर्ड खऱ्या मशीनवर अर्धा तास चालवून बघायचा. त्यातही आमच्याकडचा पाऊस! सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्या, चार बोर्ड परत आले, कुरिअर माझ्या खिशातून.

शिवाय २०२४ मध्ये झायलॉग कंपनीने झेड-८० या स्पेक्ट्रमच्या मुख्य प्रोसेसर चिपच्या ऑर्डरी घेणं थांबवलं. आता साठा करून ठेवायचा तर पैसे आधीच अडकतात. त्याचं व्याज कुठल्या रकान्यात धरलंय?