ठिपके गेले म्हणजे रोग गेला?

समुद्री मासे पाळणाऱ्यांत एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतो. "नवा मासा तीन दिवस नीट खात असेल, अंगावर ठिपके नसतील, तर थेट मोठ्या टाकीत सोडा. क्वारंटाइनमध्ये मासे ताणानेच मरतात. ठिपके आलेच तर पाच मिनिटं गोड्या पाण्यात बुडवा, सोबत एक क्लीनर रॅस (इतर माशांचं अंग वेचून साफ करणारा मासा) ठेवा. चार-पाच दिवसांत ठिपके जातात."

शेवटचं वाक्य खरं आहे. ठिपके जातात. म्हणूनच तर हा मेसेज मरत नाही.

ज्याला आपण इच किंवा व्हाइट स्पॉट म्हणतो तो क्रिप्टोकॅरिऑन हा एकपेशीय परजीवी. माशाच्या कातडीत तो साधारण ३ ते ७ दिवस राहतो, पोट भरलं की आपणहून सुटतो आणि वाळूत, दगडावर, कुठेही कवच करून बसतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. ते कधी तीन दिवसांत बाहेर पडतात, कधी कित्येक आठवड्यांनी. म्हणजे तुम्ही रॅस आणा, गोडं पाणी करा किंवा नुसते हात जोडून बसा, आठवडाभरात मासा स्वच्छ दिसणारच. श्रेय मात्र रॅसला मिळतं. पुढच्या खेपेला ठिपके दसपट येतात, तेव्हा आपण हीटरला दोष देतो.

रॅस हे परजीवी खात नाही का? समुद्रात ती माशांच्या अंगावरचे ग्नॅथिड नावाचे बारीक किडे वेचते. इच कातडीच्या आत असतो, तिथे तिचं तोंड पोचत नाही. गोड्या पाण्याचंही तेच. ते चालतं ते फ्लूकवर, म्हणजे अंगाला चिकटलेल्या चपट्या कृमींवर. हे स्वतः बघण्यासारखं आहे: काळ्या बादलीत तापमान आणि पीएच जुळवलेलं गोडं पाणी, आत मासा. अंगावर असताना काचेसारखे पारदर्शक असलेले फ्लूक दोन-तीन मिनिटांत पांढरे पडतात आणि तळाशी तिळासारखे सांडतात. इचसाठी मात्र ही आंघोळ वाया.

आता "तीन दिवस". दुकानाच्या पाण्यात बरेचदा क्षार कमी ठेवलेले असतात, कधी तांब्याचं औषधही असतं. दोन्हींनी रोग दबतो, संपत नाही. मी स्वतः एक पावडर ब्लू टँग, दुकानात मायसिसवर (बारीक कोळंबीसारखा खाऊ) तुटून पडताना पाहून, त्याच संध्याकाळी टाकीत सोडला होता. नवव्या दिवशी ठिपके. तेव्हाही खातच होता, अगदी हावऱ्यासारखा. महिनाभरात चार मासे गेले आणि उरलेले बाहेर काढून, परजीवी उपाशी मरावेत म्हणून टाकी ७६ दिवस माशांविना ठेवावी लागली.

खाण्यापेक्षा श्वास लवकर बोलतो. रोज एकाच वेळी, खाऊ घालण्याआधी, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून कल्ल्यांची झाकणं मिनिटात किती वेळा हलतात ते मोजा आणि लिहून ठेवा. माशागणिक आकडा वेगळा, त्यामुळे दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. त्याच माशाचा कालचा आकडा बघा. एकच कल्ला हलतोय का, मासा पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, झोतात तोंड खुपसून उभा आहे का, उजेड टाळतोय का? ही शेवटची दोन वेल्वेटची, म्हणजे इचसारख्याच दुसऱ्या एका परजीवी रोगाची, लक्षणं. वेल्वेट आधी कल्ल्यांत शिरतो, अंगावर पिठासारखी धूळ दिसेपर्यंत हातात एखाद-दोन दिवस उरतात. तिथे तीन दिवसांचा हिशेब कुठे बसतो?

क्वारंटाइनमध्ये मासे मरतात, हे मात्र मी खोडून काढणार नाही. मरतात. पण बहुतेकदा ताणाने नव्हे, अमोनियाने. कोरी टाकी, अमोनिया पचवणारे जिवाणू अजून न रुजलेला कोरा फिल्टर, वर भरपूर खाऊ. स्पंज फिल्टर महिनाभर आधी मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) टाकून ठेवला तर हा प्रश्न फारसा उरत नाही. दुसरं कारण तांब्याचा अंदाजपंचे डोस: साधं तांबं ०.२ पीपीएमच्या (दशलक्षात ०.२ भाग) आसपास लागतं, चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूने बांधून ठेवलेलं, २ ते २.५. बाटली बदलली आणि आकडा तोच धरला तर दसपट चूक. टेस्ट किट नसेल तर तांब्याला हातच लावू नका, आणि कोरल, कोळंबी असलेल्या टाकीत तर कधीच नाही.

मँडरिनसारखा मासा, जो सहसा कोपेपॉड नावाच्या जिवंत सूक्ष्म जीवांशिवाय काही खात नाही, रिकाम्या टाकीत उपाशी मरू शकतो. त्याच्यासाठी मीही वेगळी सोय करतो. बाकीच्यांना चार आठवडे, एक पीव्हीसी पाइपचा तुकडा लपायला, आणि वही.

सध्या त्या पाइपमागे एक फॉक्सफेस मासा आहे. आज अकरावा दिवस. कल्ल्यांचा आकडा काल ८२, आज ८४. अजून सतरा दिवस तो तिथेच राहील.