सिलिंडर भरलेला होता, तरी तुमची तक्रार खरी आहे

नमस्कार. आमच्याकडून भाड्याने नेलेल्या कॅम्परव्हॅनला, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीला, तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, ‘अर्धा सिलिंडर माथी मारला. दुसऱ्या रात्री शेगडी मिणमिणली, हीटर गार हवा फेकत राहिला. दूध तर पहिल्याच दिवशी नासलं.’ उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी गाडी तपासली.

तुमचा सिलिंडर काट्यावर ठेवला. त्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा केलं तर आत साडेसहा किलो प्रोपेन निघाला. गॅस संपला नव्हता, अडला होता. नळी तुटली तर गॅस भसाभस बाहेर पडू नये म्हणून एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. गाडी चालवताना तुम्ही कॉक बंद ठेवलात, ते उत्तमच. पण मुक्कामी तो झटक्यात उघडला की या व्हॉल्व्हला गळतीच वाटते आणि तो जेमतेम गॅस सोडतो. हीटरचा पंखा बॅटरीवर असल्याने फिरत राहतो, आत ज्योत मात्र नसते. अशा वेळी सगळी उपकरणं आणि कॉक बंद करून एखाद-दोन मिनिटं थांबायचं, मग कॉक अगदी सावकाश उघडायचा. बस्स, एवढंच.

पण हे तुम्हाला सांगितलं कुणी? गाडी देताना आमच्या मुलाने दहा मिनिटांत उरकलं, त्यातली पाच टीव्ही दाखवण्यात गेली. चूक आमची. आता गाडी नेणाऱ्यालाच आमच्यासमोर कॉक उघडायला लावतो.

दुधाचं कारण वेगळं. तुम्हीच टाकलेल्या फोटोत गाडीचं नाक चांगलंच चढावर आहे. या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. आतलं अमोनियाचं द्रावण उतारानेच फिरतं, गाडी कलती असली की ते साचतं. गाडी सपाटीवर लावा, हेही आम्ही बोललो नाही.

एक गोष्ट मात्र पटली नाही. ‘जमिनीलगतचा अलार्म उगाच ओरडत होता म्हणून वायर काढली’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड, गळला की खाली साचतो, म्हणून तो अलार्म तिथे. ओरडला तर कॉक बंद करा, दारं उघडा, सगळे बाहेर या आणि आम्हाला फोन करा, मध्यरात्र असली तरी. आम्ही सगळे सांधे साबणाच्या फेसाने तपासले, कुठेही बुडबुडा आला नाही. अलार्म तरीही बदलला.

दोन रात्रींचं भाडं परत पाठवलं आहे. मागच्या कप्प्यात तुमचा थर्मास राहिलाय, पत्ता कळवा.