दीडशेंतला एक

गणपतीची चवथ आटोपली आणि पाठीला सॅक मारून गोमुखाला, गंगेच्या उगमाशी, जाऊन आलो. मडगावहून रेल्वेने दिल्ली, पुढे बसने ऋषिकेश, उत्तरकाशी, गंगोत्री. आईने गंगाजळासाठी तांब्याचा गडू बरोबर दिला होता. प्लॅस्टिकच्या बाटलीतली गंगा तिला देवघरात चालत नाही.

गंगोत्रीला पोचलो आणि अडकलो. गोमुखाला रोज 150 माणसांनाच परवाना मिळतो. त्या दिवसाचा आकडा संपलेला, दुसऱ्या दिवसाचाही. इतका चिडलो म्हणून सांगू! दोन हजार किलोमीटर ओलांडून आलेल्या माणसाला हे थांबवणार?

नंतर चहा पिताना स्वतःचंच हसू आलं. पावसाळ्यात आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या धबधब्यांवर शनिवार-रविवारी गाड्या लोटतात, ओहळात बियरच्या बाटल्या फुटतात. तेव्हा 'माणसांचा आकडा ठरवा, वरचे सगळे परत पाठवा' असं इथे तावातावाने लिहिणारा मीच. तेव्हा लाईक करणाऱ्यांनो, तुम्हीही जरा आठवून बघा. नियम हवा, पण आपण सोडून बाकीच्यांना, असंच ना आपलं?

तिसऱ्या दिवशी निघालो. वाट 18 किलोमीटरची. वाटेतल्या मुक्कामाचं, भोजबासाचं, नाव भूर्जाच्या झाडांवरून पडलं. ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत, ते झाड. सरपणासाठी तोडून तोडून ती झाडं संपत आली, तेव्हा हर्षवंती बिष्ट या गिर्यारोहक बाईंनी तिथे पुन्हा लागवड केली. तिथली थंडी आम्हा समुद्राकाठच्या माणसांसाठी नव्हे. दोन रजयांखालीही दात वाजत होते.

आणि गोमुख? पांढराशुभ्र बर्फ डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर फसाल. 30 किलोमीटर लांब हिमनदीचं ते तोंड म्हणजे दगडमातीने माखलेली काळपट भिंत, एखाद्या चिऱ्याच्या खाणीची कड असावी तशी. फक्त भेगांतून निळा बर्फ दिसतो. पायथ्याच्या गुहेतून भागीरथी उसळून बाहेर येते, राखाडी रंगाची, कारण हिमनदीने भरडलेल्या खडकाचं पीठ तिच्यात असतं. ऊन चढलं की वरून दगड सुटतात. त्यांचा आवाज ऐकला आणि लांबच उभं राहायला का सांगतात ते कळलं.

1935 मध्ये जॉन ऑडेन या भूवैज्ञानिकाने या तोंडाचा नकाशा केला होता. तेव्हापासून ते एक किलोमीटरहून जास्त मागे सरकलंय. हे 150 च्या नियमाने थांबणार नाही, हे मलाही कळतं. हवाच तापतेय. पण म्हणून हिमनदीच्या तोंडाशी मॅगीचे ठेले मांडायचे काय? माझे दोन दिवस गेले, बरं झालं गेले.

गडू अलीकडच्या काठावरच भरला. घरी आल्यावर आईने देवघरात ठेवला. सकाळी बघते तर तळाला बोटभर गाळ.

"हीच काय रे गंगा?" ती म्हणाली. "आमची म्हादई याहून निवळ."