आउरेलिया विकायला आहे, आणि बाबांची फियाट

गेले तीन आठवडे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चाललाय. पुण्यातली आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, त्यामुळे पार्किंगमधली बाबांची 1976 सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आमची 'फियाट', हलवायला हवी. दादा म्हणतो, भंगारात देऊन टाकू. "पंधरा वर्षांनी गाडी मोडीत काढा असं सरकारच सांगतंय, आपण पन्नास वर्षं धरून बसलोय." मी विरोध केल्यावर लगेच पुढचं वाक्य आलं, "तुला तिकडे बसून बोलायला काय जातं?"

तो राग अजून गेलेला नाही. एक तर सरकार तसं सांगत नाही. दिल्लीतला वयाचा नियम पुण्याला लागू नाही. आपल्याकडे 15 वर्षांनंतर खासगी गाडीची फिटनेस तपासून नोंदणी पुढे वाढवून मिळते. शिवाय 2021 साली पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं, 20 हजार रुपये फी, दहा वर्षं मुदत. आमची गाडी यंदा पन्नास पूर्ण करते आणि नेमकी आत्ताच तिला भंगारवाला दाखवायचा?

मी इटलीत, तोरिनोच्या बोर्गो सान पाओलो भागात राहतो. लान्चा या इटालियन मोटार कंपनीचा जुना कारखाना याच भागात होता. गेल्या शनिवारी शेजारचे निवृत्त मेकॅनिक मला सोबत घेऊन गेले. एक लान्चा आउरेलिया बी20 जीटी विकायला निघाली होती आणि मालकीणबाईंनी त्यांना आधी नजर टाकायला बोलावलं होतं. गाडी बाईंच्या वडिलांची. किंमत लाखाच्या वर युरो, म्हणजे आम्हा दोघांचाही विकत घ्यायचा प्रश्न नव्हता.

1951 साली तोरिनोच्या प्रदर्शनात ही दोन दारांची कूपे पहिल्यांदा आली. फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओ यांनी आखलेलं व्ही6 इंजिन, आउरेलियाच्या आधी कुठल्याही कारखान्याने नियमित उत्पादनाच्या गाडीत न बसवलेलं. क्लच आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, म्हणजे वजन पुढेमागे वाटलेलं. त्याच वर्षी मिल्ले मिल्याच्या शर्यतीत दोन लिटरची ही गाडी चार लिटरच्या फेरारीच्या मागोमाग दुसरी आली. सगळ्या मालिका मिळून चार हजारांच्या आतच बनल्या. अंगावर उगाच एक रेघ नाही. छत मागे उतरत जातं ते थेट डिकीच्या टोकाला मिळतं. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि तरी हात लावायला धजलो नाही.

बाईंनी फाइल टेबलावर ठेवली. आसीचं, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या संघटनेचं प्रमाणपत्र, दर दोन वर्षांच्या रेविझिओनेचे (गाडीच्या सक्तीच्या तपासणीचे) कागद, तोरिनोची जुनी काळी 'टीओ' नंबरप्लेट, कार्बोरेटरच्या दुरुस्तीची 1963 सालची पावती. इथे वीस वर्षांची गाडी कागद करून ऐतिहासिक ठरवता येते, तीस वर्षांनंतर बोल्लो, म्हणजे गाडीचा वार्षिक कर, माफ होतो, आणि अशी गाडी रस्त्यावर चालवता येते. हा फरक मला सगळ्यात जास्त टोचतो. आपल्या व्हीए नोंदणीत गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही; प्रदर्शनं, रॅल्या, पेट्रोल-देखभाल, असल्या कामांपुरतीच. चालल्याशिवाय गाडी टिकते का? रबर सुकतं, ब्रेक धरून बसतात, टाकीत गंज चढतो.

दादाने यावर बरोबर बोट ठेवलं, "इटलीनेच 1997 साली जुन्या गाड्या मोडायला पैसे वाटले होते." वाटले होते. पण काय ठेवायचं हेही त्यांनी ठरवलं. आपण ठरवलंच नाही. कुर्ल्याला बनलेली पद्मिनी म्हणजे तोरिनोच्याच फियाट 1100 ची लेक, आणि ऑक्टोबर 2023 च्या शेवटी तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा आपण फोटो काढले, चार दिवस हळहळलो, संपलं.

मेकॅनिक इंजिनात डोकं घालून होते. बाई म्हणाल्या, बसा की आत. सुरुवातीच्या मालिकांतली ही गाडी, स्टिअरिंग उजवीकडे. तेव्हाची लान्चा अशीच असायची. घाटात रस्त्याची कड नीट दिसावी म्हणून, असं इथले लोक सांगतात. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. या देशात येऊन मला सतरा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी उजवीकडच्या स्टिअरिंगमागे बसलो. माझा हात न शोधता गिअरवर गेला. बाईंनी विचारलं, हा गिअर कुठे शिकलात? म्हटलं, घरी, आमची फियाट होती. मग त्यांनी विचारलं, आता कुठे आहे ती?

मला उत्तर देता आलं नाही. दसऱ्याला बाबा तिला झेंडूचं तोरण बांधायचे, चोक ओढून दोनदा सेल्फ मारायचे, आणि तिसऱ्यांदा मला मारायला लावायचे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर आहे. वारस म्हणून माझी सही लागते आणि दादाने तीनदा मला त्यासाठी बोलावलं. मी गेलो नाही. प्रत्येक वेळी काहीतरी कारण होतं, आणि प्रत्येक कारण खरं होतं. ग्रुपवर तोरिनोतल्या गाड्यांचे फोटो मात्र मी नेमाने टाकत राहिलो. त्या घरावर माझा हक्क आहे असं मला वाटतं, पण त्या घरातलं एक कामही सहा वर्षांत माझ्या हातून झालेलं नाही. पत्रा कुठे सडलाय, चाकं किती बसलीत, हे मला ठाऊक नाही. दादाला ठाऊक आहे.

रात्री त्याला वेगळा मेसेज केला. "गाडी देऊ नकोस. दिवाळीनंतर सहीला येतो, तिकीट काढलंय. नवीन जागेचं भाडं मी देईन. तोवर तिच्यावर ताडपत्री टाकशील का?"

सकाळी उत्तर आलं होतं. "ताडपत्री आहे. दर पावसाळ्यात बदलतो. येताना कार्बोरेटरचं किट मिळतंय का बघ, इथे सापडत नाहीये."