"जावास्क्रिप्ट ओळीओळीने चालते" म्हणे!

एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणे जावास्क्रिप्ट (वेबपानांची प्रोग्रॅमिंग भाषा) इंटरप्रिटेड आहे, म्हणजे आधी भाषांतर न करता थेट चालते, ब्राउझर ती ओळीओळीने वाचत पळवतो, कंपायलर (लिहिलेला कोड दुसऱ्या रूपात बदलणारा प्रोग्रॅम) हे सी प्लस प्लसवाल्यांचं दुखणं, वेबवाल्यांनी त्या नादाला लागू नये.

ओळीओळीने? करून बघा ना. पहिल्या ओळीत कन्सोल लॉग (मजकूर छापायची आज्ञा) टाका आणि पन्नासाव्या ओळीत एक कंस बंद करायचा सोडून द्या. काहीच छापलं जात नाही, थेट सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यातच चूक! ओळीओळीने चालत असती तर आधीच्या ४९ ओळी तरी गुमान पळाल्या असत्या की. इंजिन (ब्राउझरमधला जावास्क्रिप्ट चालवणारा भाग) आधी अख्खी फाइल तपासतं, मग पुढचं.

इंटरप्रिटेड हे मात्र अर्धं खरंय, म्हणूनच लोक फसतात. २००८ ला क्रोम आला तेव्हा त्यातलं व्ही८ इंजिन थेट मशीन कोड (प्रोसेसरला कळणारा कोड) बनवायचं, इंटरप्रिटर नव्हताच त्यात. इग्निशन नावाचा इंटरप्रिटर नंतर आला, तोही मुख्यतः मोबाइलची मेमरी वाचवायला (गंमतच आहे). २०१७ पासून आधी इग्निशन बायटकोड (मधल्या टप्प्याचा कोड) चालवतो, आणि एखादं फंक्शन सारखं सारखं वापरात आलं की टर्बोफॅन हा कंपायलर त्याचा वेगवान मशीन कोड बनवतो, पण तो बनवतो अंदाजावर, म्हणजे बेरजेच्या फंक्शनला हजारदा आकडेच दिलेत तर तो आकडेच धरून चालतो आणि मग एकदा कुठूनतरी स्ट्रिंग (मजकूर) आली की तो कोड टाकून द्यायचा आणि परत बायटकोडवर यायचं. याला डीऑप्टिमायझेशन म्हणतात, नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) ट्रेस-डीऑप्ट फ्लॅग, म्हणजे तो पर्याय, लावून डोळ्यांनी बघता येतं.

राहिला "नादाला लागू नये"चा मुद्दा. अहो, बिल्ड मारता (कोड ब्राउझरसाठी तयार करता) तेव्हा काय चालतं? टाइपस्क्रिप्ट, बेबल, स्वेल्ट, सगळे कंपायलरच! आमच्या एका प्रोजेक्टात किंमतीचा टाइप (मूल्याचा प्रकार) नंबर लिहिला होता, टाइपस्क्रिप्ट खूश, आम्हीही खूश. पण टाइप तपासून झाले की कंपायलर ते पुसून टाकतो, ब्राउझरपर्यंत त्यातलं काहीच जात नाही, आणि सर्व्हरकडून किंमत येत होती स्ट्रिंग म्हणून. स्ट्रिंगमध्ये आकडा मिळवला की बेरीज होत नाही, तो शेवटी चिकटतो; ४९९ मध्ये डिलिव्हरीचे ५० मिळवले आणि ग्राहकाला बिल दिसलं ४९९५० रुपयांचं.